करार संपला, मुलगा घरी परतला, पुढे काय?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका वडिलांचे पत्र आले आहे. ते उद्यमनगरातील एका कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांचा मुलगा तेराव्या वर्षी पुण्याच्या एका फुटबॉल अकादमीत निवडला गेला आणि कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळला. अकादमी बंद पडल्यावर तो परराज्यात गेला आणि शेवटची तीन वर्षे आय-लीग या देशपातळीवरील फुटबॉल स्पर्धेतील एका संघात बचावफळीत होता. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. यंदा मे महिन्यात कराराची मुदत संपली आणि क्लबने ती वाढवली नाही. येत्या फेब्रुवारीत त्याला पंचवीस वर्षे पूर्ण होतील. बी.ए.चे शेवटचे वर्ष राहून गेले आहे. पुढचा मजकूर वडिलांच्याच शब्दांत देत आहे.

"घरी आल्यापासून तो दुपारपर्यंत झोपून असतो. संध्याकाळी बूट काढतो, एकेक स्टड पुसतो, ओले झालेले नसतानाही आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो आणि पिशवीत ठेवून देतो. मैदानावर मात्र जात नाही. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातल्या मुलांनी या हंगामात आपल्याकडून उतर म्हणून दोनदा निरोप दिला, मानधनाचाही आकडा सांगितला. तो म्हणतो, जानेवारीत कुठल्यातरी क्लबचे बोलावणे येईल, नाही आले तर पुढच्या हंगामात येईल, वर्षभर कळ काढा. जुन्या क्लबकडून दोन महिन्यांचे पैसेही यायचे आहेत. माझे मेहुणे इथल्या जवळच्याच गांधीनगरच्या कापड दुकानात त्याला घ्यायला तयार आहेत. कॉलेज मागे टाकून खेळाला पाठवायचा निर्णय माझा होता, त्याची आई तेव्हाही नको म्हणत होती. आता त्याला वर्षभर वाट पाहू द्यावी की कामाला लावावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. जानेवारीची खेळाडू नोंदणीची मुदत संपेपर्यंत त्याला वाट पाहू द्या, आणि पुढच्या उपजीविकेची तयारी मात्र याच आठवड्यात सुरू करा. वर्षभर थांबू नका. एखादे वर्ष गेले तर काय बिघडते, असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत या वर्षात एक दार कायमचे बंद होणार आहे. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील भरतीसाठी वयोमर्यादा १८ ते २५ वर्षे आहे आणि त्यात सवलत मिळत नाही. जाहिरातीत दिलेल्या तारखेला वय मोजले जाते. म्हणजे फेब्रुवारीनंतर त्याच्यासाठी तो विषय संपण्याचीच शक्यता अधिक आहे. शिवाय तिथे कोणत्या स्पर्धेतील, कोणत्या क्रमांकाची आणि किती अलीकडची कामगिरी धरली जाईल हेही त्या-त्या जाहिरातीत ठरवून दिलेले असते, त्यामुळे त्याचे कनिष्ठ गटाचे प्रमाणपत्र जुने ठरू शकते. तसे असेल तर ते आजच कळलेले बरे. विभागीय रेल्वेच्या भरती कक्षांच्या संकेतस्थळांवर या जाहिराती येतात. त्या तुमच्या धाकट्या मुलाने किंवा भाच्याने पाहून उपयोग नाही; त्यानेच पाहाव्यात, कारण खेळाचा तपशील त्यालाच ठाऊक आहे.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांमधील खेळाडूंच्या आरक्षणाचे वेगळे आहे. महाराष्ट्रात ते पाच टक्के आहे आणि पात्र खेळाडूला कमाल वयात सवलतही मिळते, त्यामुळे तिथे फेब्रुवारीची घाई नाही. मात्र क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा व युवक सेवा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून आधी करून घ्यावी लागते, आणि कित्येक चांगले खेळाडू अर्जाची तारीख तोंडावर आल्यावर पडताळणीच्या मागे धावताना मी पाहिले आहेत. उपसंचालकांचे कार्यालय कोल्हापुरातच आहे. ट्रंकेत किंवा फ्रेममध्ये असलेली सगळी प्रमाणपत्रे काढून, महाराष्ट्राकडून खेळल्याचे मूळ प्रमाणपत्र हाताशी ठेवून, एकदा तिथे जाऊन यावे. क्लबकडून खेळलेले शंभर सामने या कामी धरले जात नाहीत आणि राज्याकडून खेळलेली एक स्पर्धा धरली जाऊ शकते, हे खेळाडूला फार उशिरा कळते.

आता त्याच्या मनाविषयी. तुमच्या पत्रातील बुटांचा तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. जो मुलगा रोज बूट पुसतो आणि मैदानावर जात नाही, त्याला आळशी म्हणू नका, आणि घरात दुसऱ्या कोणालाही म्हणू देऊ नका. तेराव्या वर्षापासून त्याने कधी उठायचे, काय खायचे, कुठे राहायचे आणि कोणाबरोबर दिवस काढायचा हे सगळे संघाने ठरवले. मे महिन्यात एका पगारासोबत त्याचे वेळापत्रक, त्याचे मित्र आणि त्याची ओळख अशी तिन्ही एका दिवसात गेली. नोकरी सुटलेल्या माणसाला सहानुभूती मिळते; संघ सुटलेल्या खेळाडूला मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर "काय, यंदा कुठे?" असा प्रश्न ऐकावा लागतो, आणि कोल्हापुरात, जिथे पेठेतल्या आजीलाही कोण कुठल्या संघाकडून उतरला हे माहीत असते, तिथे तो प्रश्न चुकवायचा तर घराबाहेर न पडणे एवढाच उपाय उरतो.

जगभरच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची फिफप्रो नावाची संघटना आहे. तिने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निवृत्त खेळाडूंपैकी ३५ टक्क्यांमध्ये नैराश्याची किंवा चिंताविकाराची लक्षणे आढळली होती, आणि ज्यांना गंभीर दुखापती अधिक झाल्या त्यांच्यात हे प्रमाण वाढलेले होते. तुमच्या मुलाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते. दुपारपर्यंतची झोप, मित्रांना टाळणे आणि जेवणावरची वासना जाणे हे आठवडेच्या आठवडे चालले, किंवा जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे काही तो बोलला, तर जानेवारीची वाट पाहायची नाही. सीपीआर रुग्णालयातील मनोविकार विभागात त्याला घेऊन जावे, किंवा टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. डॉक्टरकडे नेताना "तुला काहीतरी झाले आहे" असे म्हणण्यापेक्षा "मला तुझी काळजी वाटते, माझ्यासाठी एकदा चल" असे म्हटले तर तो येण्याची शक्यता अधिक आहे.

क्लबने करार वाढवला नाही, याचा अर्थ तो खेळात कमी पडला असा तुम्ही दोघेही लावत आहात, असे पत्रावरून जाणवते. त्याच्या पिढीवर काय गुजरले ते जरा आठवून पाहा. आपल्या मुलांसाठी पुणे हे व्यावसायिक फुटबॉलचे सर्वांत जवळचे दार होते. पुणे एफसी आणि भारत एफसी हे दोन्ही संघ २०१५ मध्ये स्पर्धेबाहेर पडले, डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये गेला आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला. त्याआधी २०१० मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि २०११ मध्ये पंजाबचा जेसीटी हे जुने, नावाजलेले संघ मालकांनी बंद केले होते. २०२५ च्या जुलैमध्ये तर देशातील सर्वोच्च स्पर्धा असलेल्या आयएसएलचा हंगामच करारांच्या तिढ्यामुळे थांबवण्यात आला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. आपल्या अनिकेत जाधवने २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळून कोल्हापूरच्या मुलांना वाट दाखवली, त्याचा अभिमान आहेच. पण त्या वाटेवर निघालेल्या इतर कितीतरी मुलांच्या पायाखालचे क्लबच काढून घेतले गेले, हेही तितकेच खरे आहे. हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. तुमचा निर्णय चुकला नव्हता. गुणी मुलाला संधी मिळाली आणि तुम्ही ती घेऊ दिली. त्याबद्दल स्वतःला बोल लावणे आता थांबवा, कारण तुमचा अपराधीपणा त्याला दिसतो आणि आपण घरावर ओझे झालो असा अर्थ तो त्यातून काढतो.

संघ सोडलेल्या खेळाडूंचे पुढे काय होते, हा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही, पण तुमच्या पत्रात तो ओळीओळीत आहे. याचे एकच एक उत्तर नाही. टॉम फिनी हा इंग्लंडचा फार मोठा खेळाडू होऊन गेला. देशाकडून तो ७६ सामने खेळला. प्रेस्टन नॉर्थ एंड या गावच्या क्लबने त्याला घ्यायचे ठरवले, तेव्हा वडिलांनी आधी प्लंबिंगची उमेदवारी पूर्ण करण्याची अट घातली. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती, आणि १९६१ मध्ये ती उठली तेव्हा ती आठवड्याला अवघी २० पौंड होती. फिनी १९६० मध्ये निवृत्त झाला आणि आपल्या प्लंबिंगच्या धंद्यात मानाने जगला. १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातील रे विल्सनने निवृत्तीनंतर अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय केला. जगज्जेत्या संघातील माणसाला त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे आय. एम. विजयन लहानपणी त्रिशूरच्या मैदानावर सोडा विकत असे. केरळ पोलिसांच्या संघाने त्याला नोकरी दिली, मोठ्या क्लबांकडून खेळून झाल्यावर तो त्याच खात्यात परतला आणि २०२५ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. खालिद जमील दुखापतींनी बेजार होऊन खेळाडू म्हणून थांबला, २००९ मध्ये मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला, २०१७ मध्ये त्याने ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली आणि २०२५ मध्ये तो भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला.

या चौघांच्या नशिबाची तुलना तुमच्या मुलाशी करण्याचा माझा हेतू नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच, की खेळानंतर ज्यांचे बरे चालले त्यांच्या हाताशी एखादे कसब, एखादी नोकरी किंवा पुढची विद्या होती, आणि ती खेळाच्या जोडीने किंवा खेळ सुटताच लगोलग त्यांनी धरली. ज्यांचे वाईट झाले त्यांतले बरेचसे मी जवळून पाहिले आहेत. त्यांच्या अंगात खेळ कमी नव्हता. पुढच्या हंगामाची, मग त्याच्या पुढच्या हंगामाची वाट पाहण्यात त्यांची तिशी उलटली.

म्हणून तारीख ठरवा, आणि ती त्याला ठरवू द्या. क्लबांना पाठवायची सामन्यांची चित्रफीत तयार आहे का, गुडघ्याचा अलीकडचा वैद्यकीय अहवाल आहे का, कोणत्या प्रशिक्षकांशी तो बोलला आहे, हे विचारा. बोलावणे आपोआप येत नसते. चोवीस वर्षांच्या बचावपटूने रोज सराव केला आणि पाच-सहा ठिकाणी स्वतःहून संपर्क साधला, तर त्याच्या वाट पाहण्याला काही अर्थ आहे. अंथरुणात पडून पाहिलेली वाट त्याचे गुडघेही बिघडवील.

इथे तालमीचा विषय येतो, आणि यात माझे मत स्पष्ट आहे. त्याने तालमीकडून खेळावे. छत्रपती शाहू स्टेडियमवर पेठेच्या लोकांसमोर उतरणे त्याला आज पराभव वाटत असेल, पण अंगाला सराव, दिवसाला आकार आणि भोवती माणसे हे तीनही त्याला तिथेच मिळेल. फक्त तालमीचे मानधन म्हणजे पगार नव्हे, हे घरात सर्वांनी समजून घ्यावे. ते हंगामापुरते असते, बहुधा तोंडी ठरते आणि खेळाडू जायबंदी झाला की पुढच्या वर्षी त्याची आठवण कोणी काढीलच असे नाही. होकार देण्यापूर्वी त्याने तालमीच्या जाणत्या मंडळींना समोरासमोर विचारावे, की याच गुडघ्याला पुन्हा मार लागला तर उपचाराचा खर्च कोण करणार. हा प्रश्न विचारण्यात तालमीवरच्या निष्ठेला कुठेही बाधा येत नाही, आणि चांगली मंडळी त्याचे उत्तर कागदावर देतात. नोंदणीची एक तांत्रिक बाबही आहे. फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक म्हणून नोंदलेल्या खेळाडूला, व्यावसायिक म्हणून शेवटचा सामना खेळल्यानंतर किमान ३० दिवस गेल्याशिवाय हौशी खेळाडू म्हणून पुन्हा नोंदणी करता येत नाही. मे महिन्यापासून तेवढे दिवस उलटून गेलेच आहेत; तरी हौशी म्हणून नोंद झाल्यावर जानेवारीत क्लबचे बोलावणे आले तर काय करावे लागेल, हे सही करण्यापूर्वी केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, कार्यालयात विचारून घ्यावे.

थकलेल्या पगाराचे पैसे सोडू नका. कराराची प्रत, बँकेचे उतारे आणि क्लबशी झालेला पत्रव्यवहार एकत्र करून आधी क्लबला लेखी मागणी पाठवावी, आणि दाद न मिळाल्यास अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या खेळाडूविषयक समितीकडे तक्रार करावी. तिला सगळे प्लेअर स्टेटस कमिटी याच नावाने ओळखतात. २००६ मध्ये स्थापन झालेली भारतीय फुटबॉल खेळाडूंची संघटना, म्हणजे एफपीएआय, अशाच कामासाठी आहे. तिच्याशी त्याने जरूर बोलावे. आणखी एक गोष्ट बहुतेक मुलांच्या ध्यानात येत नाही. खेळाडूंना मिळणाऱ्या रकमेतून अनेकदा व्यावसायिक शुल्क म्हणून दहा टक्के कर कापला जातो. त्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. फॉर्म २६एएस काढून पाहिला की किती कापले गेले ते दिसते, आणि उशिरा भरायच्या विवरणपत्राचीही ३१ डिसेंबर ही शेवटची तारीख असते.

शिक्षणाबाबत मी आग्रही आहे. बी.ए.चे ते एक वर्ष याच वर्षी पूर्ण व्हायला हवे, बाहेरून परीक्षा देऊन किंवा शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून, जसे त्याच्या विषयांना बसेल तसे. पदवी हाती आली की दोन वर्षांच्या बी.पी.एड.ची प्रवेश परीक्षा देता येते, आणि शाळेत शारीरिक शिक्षणाची नोकरी हवी असेल तर त्याशिवाय चालत नाही. प्रशिक्षक व्हायचे असेल तर महासंघाच्या डी परवान्यापासून सुरुवात होते. पुढे सी, बी, ए अशा पायऱ्या आहेत. डी परवान्याचा अभ्यासक्रम काही दिवसांचाच असतो. नुसत्या त्यावर घर चालत नाही, हे मी लपवणार नाही. कोल्हापुरात मुलांना शिकवणारे बरेच जण आहेत आणि पैसे बेताचेच मिळतात. तरीही त्याने तो करावा, कारण अकरा वर्षांत जे शिकला ते दुसऱ्याला सांगता येते का हे त्याला कळेल, आणि कदाचित त्यातच त्याचा जीव पुन्हा रमेल.

गुडघ्याचे थोडक्यात सांगते. तालमीकडून उतरण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवून फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंची ताकद तपासून घ्यावी. सूज नाही म्हणजे गुडघा बरा, असे नसते. व्यायाम एकदम बंद करू नये आणि आहार मात्र खेळाच्या दिवसांतलाच ठेवू नये. तो बचावपटू आहे, चेंडू डोक्याने मारणे त्याला नेहमीचेच, म्हणून एक गोष्ट त्याच्या कानावर घालावी. ग्लासगो विद्यापीठाने २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसामान्यांच्या साडेतीन पट आढळले, आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे मात्र कमी. यात घाबरण्यासारखे काही नाही. पण डोक्याला मार लागल्यावर त्याच सामन्यात पुन्हा उतरायचे नाही, प्रेक्षक कितीही ओरडोत, एवढे त्याने पक्के करावे. उद्या तो लहान मुलांना शिकवू लागला, तर त्यांच्याकडून हेडिंगचा सराव किती करून घ्यायचा याचाही त्याने विचार करावा.

गांधीनगरच्या दुकानासाठी मेहुण्यांना नकार कळवू नका, पण आज त्याला तिथे बसवूही नका. जानेवारीनंतर अर्धा दिवस दुकान, सकाळी मैदान आणि रात्री अभ्यास असे काही बसवता आले, तर ते काम त्याला शिक्षेसारखे वाटणार नाही. तुमच्या लेथबद्दल तुम्ही काहीच लिहिले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. ज्या उद्यमनगरात तुम्ही आयुष्य काढले तिथे हाताला अचूकपणा असलेल्या माणसाला काम मिळते. तुमच्या कारखान्यात एक दिवस त्याला नुसता सोबत घेऊन जा. काही ठरवण्यासाठी नव्हे. त्याने तुम्हाला कामावर असताना बहुधा कधी पाहिलेलेच नाही, कारण तुम्ही कामावर असताना तो नेहमी दुसऱ्या गावात होता.

त्याच्या आईशीही बोला. ती तेव्हा नको म्हणत होती, हे तुम्ही लिहिलेत. आज ती काय म्हणते ते तुमच्या पत्रात नाही. घरात कदाचित सर्वांत शांतपणे तीच त्याच्याशी बोलू शकेल.

रेल्वेच्या जाहिरातीतील अटी आणि त्याची प्रमाणपत्रे एकमेकांशी ताडून पाहताना काही अडले, तर स्पर्धेचे नाव, वर्ष आणि संघाचा क्रमांक एवढाच तपशील मला लिहून पाठवा, नाव-पत्ता नको. मी त्या विषयातील जाणकारांना विचारून तुम्हाला वेगळे उत्तर पाठवीन, सदराच्या पुढच्या अंकाची वाट न पाहता.